पाच फुटांचा पाया

सरकारी नोकरीतून अभियंता म्हणून निवृत्त झालो आणि बांधकामाची भांडणं मिटवणारा माणूस म्हणून दिग्रसपासून नेरपर्यंत लोक मला ओळखू लागले. घरमालक आणि ठेकेदार यांच्यात फाटलं की कोणीतरी म्हणायचं, कोर्टकचेरी कशाला, साहेबांना बोलवा. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. दोघांना एकाच दिवाणावर बसवायचं, चहा पाजायचा आणि दोघांनाही थोडं थोडं मागं यायला लावायचं, एवढीच माझी विद्या.

दिग्रसच्या एका निवृत्त नर्सबाईंनी जन्मभर भाड्याच्या खोल्यांत काढून शेवटी स्वतःचं घर बांधलं. एकट्याच होत्या. वर्ष व्हायच्या आत मागच्या भिंतीला तिरपी भेग गेली. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. खाली मुरूम लागेपर्यंत पाया न्यावाच लागतो. तिथं मुरूम सहा फुटांवर. बाई म्हणत, पाया चारच फूट आहे. ठेकेदार म्हणे, पुरता सहा नेलाय.

"साहेब, भिंतीपाशी एक खड्डा खंदून पाहू ना," बाई म्हणाल्या. "खरं काय ते दिसून जाईन."

ठेकेदार ताडकन उठला. "काहून खंदता, सिस्टर? माह्यावर भरोसा नाही काय? मी सोता उभा होतो तिथं."

दोन मजूर आणि अर्धा दिवस, एवढंच काम होतं. पण मी घाबरलो. त्या खड्ड्यातून दोघांपैकी एक जण खोटा निघणार, मग समेट कसला होतो? मी बाईंनाच गप्प केलं. ठेकेदारानं भेग बुजवून गिलावा आणि रंग करून द्यायचा, बाईंनी पुढं तक्रार करायची नाही, असं ठरवलं. आणि पायाची खोली? मी माझ्या हातानं लिहिलं, पाच फूट, दोघांनाही मान्य.

चार आणि सहाच्या मधले पाच! जमिनीत जे आहे तेच आहे, त्यात कसली तडजोड? सगळी नोकरी पाये मोजण्यात गेलेल्या माणसानं हे करावं याची मला लाज वाटते. त्या दिवशी वाटली नाही, उलट जेवणही छान गेलं.

"तुम्ही म्हणता म्हून सही करून राह्यली मी," एवढंच बाई म्हणाल्या होत्या.

पुढच्या मे महिन्यात भेग पुन्हा उघडली, या वेळी बोटं आत जातील एवढी. आता मीच कोपऱ्यात खड्डा खणवला. साडेतीन फुटांवर पाया संपला होता आणि खाली नुसती काळी माती. ठेकेदार आला, खड्ड्यात डोकावलासुद्धा नाही. खिशातून कागद काढून त्यानं माझ्यापुढं धरला.

"पाच फूट सिस्टरनं कबूल केलेत, साहेब. अक्षर तुमचंच हाये."

माझ्या ओळखीच्या एका वकिलानं कागद वाचला. खटला चालेल, म्हणाला, पण वर्षं जातील आणि बाईंची सही बाईंच्याच आड येईल.

हे सांगायला मी त्यांच्याकडं गेलो. शिव्या खायची तयारी होती. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खुर्ची पुढं केली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"जाऊ द्या साहेब," त्या म्हणाल्या. "आता पावसाया येऊन राह्यला. मले एवढंच सांगा, कोन्त्या खोलीत झोपू?"

घर तीन खोल्यांचं. एका कोपऱ्यापलीकडं कुठल्याच भिंतीखाली मी पाहिलं नव्हतं, आणि पाहायची वेळ होती तेव्हा त्यांनाही पाहू दिलं नव्हतं.