धाकट्याचा दोरा आणि चार धुरांडी

माझ्या धाकट्या भावासारखा गवंडी शोधून सापडायचा नाही. त्याच्या हातात पहिली थापी दिली ती मी, हे आधीच सांगून ठेवतो.

टेकडीवरचा बंगला दीडशे वर्षांचा. बांधणारा गोरा साहेब थंड मुलखातला. इथं घामाच्या धारा, तरी त्यानं खोलीखोलीच्या भिंतीत शेकोटी केली आणि छपरावर चार धुरांडी. शेकोट्या एकदासुद्धा पेटल्या नसतील. आता तिथं सरकारी दफ्तर आहे. तीन वर्षांपासून भिंती ओल धरायला लागल्या, चुना गळायला लागला.

"पूर्वेची बाजू पाडायची," दफ्तराचे मोठे साहेब आम्हा भावांना बोलावून म्हणाले.

"आठ दिवस द्या," धाकटा म्हणाला.

पठ्ठ्यानं सात दिवस थापी उचलली नाही. दुपारी दिवाणखान्यात बसायचा, काठीला सुती दोरा बांधून शेकोटीपुढं धरायचा. सातव्या दिवशी मीही शेजारी टेकलो. झडपांतून उन्हाच्या पट्ट्या फरशीवर पाण्यासारख्या हलत होत्या. गोल खांब, सागवानी जिना, छत तर आभाळाएवढं उंच. वाटलं, एखाद्या झोपलेल्या मोठ्या जनावराच्या पोटात बसलोय.

"काय रे, मासे धरतोस?"

"दादा, दोरा हलत नाही. घराचा श्वास कोंडलाय. ओली, गरम हवा धुरांड्यांतून वर जायची. ती धुरांडी कुणीतरी बुजवलीत." मग खाली बघून म्हणाला, "फार पक्कं काम आहे."

कबुतरं घाण करतात म्हणून तीन वर्षांपूर्वी मीच सिमेंटनं बुजवली होती. मुंगी शिरायची नाही, असं बाजारभर सांगितलं होतं.

"कधी कळलं तुला?"

"पहिल्याच दिवशी. बाकीचे दिवस दुसरं काही कारण सापडतंय का बघत होतो."

म्हणजे माझं नाव राखायला हा बंगला घालवायला निघाला होता! वेडा कुठला.

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढं उभा राहिलो. "बुजवणारा मीच. फोडणाराही मीच." छन्नी-हातोडा घेऊन छपरावर चढलो. संध्याकाळी चौथ्याचं सिमेंट फुटलं आणि खालून धाकटा ओरडला, "दादा, हलला!"

खाली आलो. काठी साहेबांच्या हातात होती. दोरा झोपेतल्या माणसाच्या श्वासासारखा शेकोटीकडं हळूच आत जात होता. साहेबांनी काठी धाकट्याकडं परत दिली. मग म्हणाले, "पाडायचं राहू द्या. धुरांड्यांवर जाळी बसवा."

जाळी धाकट्यानं बसवली. पण ती चार धुरांडी फोडायला मला अख्खा दिवस लागला, हे विसरू नका. तसं सिमेंट आता कोण घालतं?