सोमवारचा बसलेला घसा

मुलांनो, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांत मी गिरगावातून फोर्टातल्या कचेरीत जात असे. बसच्या रांगेत रोज एक गृहस्थ असत. काळी टोपी, इस्त्रीचा कोट आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेला डबा. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

दर सोमवारी त्यांचा घसा बसलेला असे. रविवारच्या सभेत घोषणा देऊन बसला, असं सगळे धरून चालत. लोक त्यांना आदराने पुढे जागा देत आणि ते खालमानेने घेत.

एका सोमवारी छापखान्यातला एक कामगार म्हणाला, "काका, तुमच्यासारखे आहेत म्हणून मुंबई आपल्याला मिळणार." आणि तो त्यांच्या पायांशी वाकला.

ते झटकन मागे सरले. "नको रे. मी सभेला नसतो. वरळीला फ्रीस्टाइल कुस्त्या बघायला जातो. तिथे ओरडतो."

"त्या? कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असतं, काका."

"ठाऊक आहे. तरी सगळे ज्याला शिव्या घालतात तो पैलवान आपटला की मला रडू येतं."

"इथे माणसं गोळ्या खातायत आणि तुम्ही तिथे रडता? लाज नाही वाटत?"

"वाटते ना. दर रविवारी घरी येताना वाटते. पुढच्या रविवारी पुन्हा जातो."

कोणी हसलं नाही. कामगार वाकला तेव्हा ते नुसते गप्प राहिले असते तरी त्यांचा मान टिकला असता. बस आली, तेव्हा ते आपणहून रांगेच्या शेवटी जाऊन उभे होते.