देवगिरीला राजा मिळेना

औरंगपुऱ्यातून रिक्षा निघाली तेव्हा माझं सगळं लक्ष येसराच्या आमटीवर (येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांचा मसाला) होतं. दौलताबादला माझ्या बहिणीचे सासरे राहतात, अप्पा. जत्रेचं आमंत्रण त्यांचंच.

किल्ला दिसला, पण आमटी दिसेना. तिथं जत्रेत देवगिरीवरच्या स्वारीचं सोंग असतं. राजाचा मुलगा आणि पुतण्या गादीसाठी भांडतात, तेवढ्यात सीमेपलीकडून सुलतानाची फौज येते. गडावरचं धान्याचं पोतं फोडलं की मीठ निघतं आणि राजा शरण जातो. इतिहास बराच आटोपशीर केलाय. राजा शरण गेल्याशिवाय पंगत बसत नाही, हा मात्र कडक रिवाज.

आजवर राजा अप्पाच व्हायचे. यंदा गुडघे दुखू लागले. त्यांचा मुलगा बाळू आणि पुतण्या दत्ता, दोघंही एकाच फेट्याची दोन टोकं ओढत होते.

"बापाची गादी म्हंजी माझीच," बाळू म्हणाला.

"अन् भाषणं कुणाला पाठ हायेत?" दत्ता म्हणाला.

फेटा लांबत लांबत पार देवळापर्यंत गेला. अप्पांनी माझ्या हातात तुरा दिला. "पाव्हणं, धरा जरा."

इतक्यात ओढ्यापलीकडच्या गावची फौज ट्रॅक्टरमधून उतरली. त्यांचे सुलतान गणपतभाऊ अदबीनं म्हणाले, "तुमचं चालू द्या. चिकटवलेल्या दाढीला तेवढी खाज सुटलीय."

मला भूक आवरेना. "आधी पोतं फोडा हो," मी ओरडलो.

फोडलं. भळाभळा ज्वारी सांडली.

"मीठ तू आणणार व्हता," बाळू म्हणाला.

"राजा तू, अन् मीठ म्या आणू व्हय?"

लोक हटून बसले: गडावर धान्य असेल तर गड पडणार नाही. म्हणजे शरणागती नाही, म्हणजे पंगत नाही. मला रडूच येणार होतं. तेव्हा गणपतभाऊंनी खिशातून मिठाची पुडी काढून ज्वारीवर रिकामी केली. "मला वाटलंच व्हतं. घ्या, निघालं मीठ."

अप्पांनी फेटा गोळा केला आणि सरळ गणपतभाऊंच्या डोक्यावर बांधला. "झाली शरणागती. फुडल्या साली राजा ह्यो."

"मग स्वारी कोण करंल?" गणपतभाऊंनी विचारलं.

"हे दोघं. दाढ्या लावून, ओढ्यापल्याडून."

आमटी झणझणीत होती. देवगिरी कशी पडली ते शाळेत मला कधीच कळलं नव्हतं, त्या दिवशी उपाशी पोटी कळलं. परतताना रिक्षातून मागं पाहिलं. ओढ्याकाठी बाळू आणि दत्ता एकच दाढी दोन बाजूंनी ओढत होते. सुलतान कोण, ते अजून ठरायचं होतं.