डावी दांडी

“एका चाकाने खड्डा खाल्ला की दुसऱ्यालाही कळलं पाहिजे,” असं दादा एकदा म्हणाला होता, जुन्या पिकअपखाली उताणा पडून.

जुन्या पिकअपला पुढे दोन्ही चाकांमध्ये एकच अ‍ॅक्सल, आणि गाडीचं ओझं पाट्यांवर. त्या पाट्यांत दादाचे केस पांढरे झाले. गिऱ्हाइकं त्याला पाटेदादाच म्हणत. पुढच्या पिढीच्या पिकअपमधून पाटे गेले. प्रत्येक चाक आपापलं, आणि त्याला पेलायला एक लांब पोलादी दांडी, वजनाखाली पिळली जाणारी. डावं चाक खड्ड्यात पडलं तरी उजव्याला पत्ता नाही.

जुन्या गाड्या येईनाशा झाल्या. दादा तेच पाने पुन्हा पुन्हा पुसत बसे. गॅरेजच्या वर त्याची खोली. जिन्यावर पावलं वाजत ती त्याचीच, चढताना आणि उतरताना.

गॅरेज धाकटा भाऊ चालवी. एके सकाळी तो म्हणाला, “दादा, ही नव्या धाटणीची पिकअप तू एकट्याने कर. जमलं तर गॅरेजची पुढची जागा तुझीच. नाहीतर तिथे चाकांच्या अलाइनमेंटचं मशीन बसवतो.”

दादाने जीव ओतला. दोन्ही दांड्या काढून रॉकेलने धुतल्या, इतक्या लख्ख की त्यांच्यावरचे खुणेचे रंगीत ठिपकेही गेले. पाटे डावे-उजवे सारखेच असतात. हाताला आली ती दांडी त्याने बसवली.

चौथ्या दिवशी पिकअप परत आली, एका अंगाला कललेली. धाकटा खाली शिरून बाहेर आला.

“डावी उजवीकडे लावलीस.”

“सारख्याच होत्या रे.”

“दिसायला. इतकी वर्षं एकीकडे पिळलेली दांडी दुसरीकडे कशी वळेल? सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसं आहे ते.”

“म्हणजे पाटेदादासारखंच,” गाडीवाला म्हणाला. तिघेही हसले. दादा जरा उशिरा.

“सोमवारी मशीन येतंय,” धाकटा हळू म्हणाला. “तू काउंटरवर बस. पंखा आहे तिथे.”

“आणि करू काय?”

“लोक ओळखतात तुला. बोलत बस.”

दांड्या पुन्हा निघाल्या. दादाने त्या हातावर तोलून पाहिल्या, मग खडूने एकीवर ‘डा’ लिहिलं, दुसरीवर ‘उ’. गाडीखालून धाकट्याचा हात आला.

“डावी दे.”

दादाने ती दिली. उजवी त्याच्या हाताशी ठेवली, पाना खिळ्याला अडकवला, आणि काउंटरकडे न वळता बाहेर पडला.