दीड तासात काढलेले आप्पा

कोल्हापूरच्या स्टँडवर बंगळूरच्या गाडीत माझा ईझल चढवायला कंडक्टर तयार नव्हता. "पावणं, ही तिवई कुठं निघाली? टपावर टाका की," म्हणाला. आप्पांनी त्याला मोठ्या आवाजात सुनावलं, "पोरगी चित्रकार हाय माझी. तिचं हत्यार हाय त्ये." अख्ख्या गाडीनं वळून बघितलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी ईझल सीटांच्या मधल्या वाटेत आडवा पडला आणि निपाणीपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्यांच्या शिव्या मी खाल्ल्या. आई खिडकीखाली उभी राहून एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होती, "येळंवर जेव गं." याला आता अकरा वर्षं झाली.

आप्पा डेअरीत पहाटपाळीला होते. मी कलाशाळेत शिकत असताना मंगळवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत माझे मॉडेल तेच. पाळी संपवून आले की चहा घ्यायचे आणि खिडकीपाशी स्टुलावर बसायचे. चार वर्षं बसले. बसल्या बसल्या डुलकी लागायची, मान पडली की मी ओरडायची. कानामागची चामखीळ, भुवईतला एक राठ केस, सगळं मला पाठ होतं. "आसं टक लावून बघतीस, मला लाज वाटती की गं," असं म्हणायचे. आमच्या शहरात व्यक्तिचित्राला मान आहे. लोकांसमोर बसून दीड-दोन तासांत समोरच्या माणसाचं चित्र पुरं करायचं, त्याला प्रात्यक्षिक म्हणतात, आणि ते बघायला माणसं दाटीवाटीनं उभी राहतात. मी त्यात पटाईत होते. फुशारलेलीही होते, खोटं कशाला बोलू!

बंगळूरला मी क्रिकेटच्या एका व्हिडिओ गेममधले प्रेक्षक कॉम्प्युटरवर बनवते. खेळाडू दुसरी टीम करते. माझ्याकडं स्टँडमध्ये बसून ओरडणारी गर्दी. तयार नाकांची लायब्ररी आहे, कानांची आहे; त्यातून उचलून जोडायचं. पन्नाशीचा, उन्हात रापलेला पुरुष हवा म्हटलं की दहा मिनिटांत तयार. सुरुवातीला मी त्यात एखादी चामखीळ, एखादा पुढं आलेला दात घालायची. आमची टीम लीड म्हणाली, "सुजाता, इथं कुणी झूम करत नाही." खरंच होतं ते. हजारो माणसं बनवायची आणि संध्याकाळी फ्लॅटवर येऊन एकटीनं डोसा खायचा. कन्नड कामापुरतं येतं, शेजाऱ्यांची नावं येत नाहीत. रविवारी रंग काढून बसायची, तर कॅनव्हासवर आपोआप तीच लायब्ररीतली नाकं उतरायची. मग रविवारीही बसेनाशी झाले. ज्या कामासाठी घर सोडलं, त्याचाच वीट आला होता, आणि घरी हे सांगायची सोय नव्हती. तिथं आप्पा गल्लीभर माझ्या चित्रांचं कौतुक सांगत फिरत होते.

गेल्या हिवाळ्यात जुन्या कलाशाळेनं प्रात्यक्षिकाला बोलावलं. वाटलं, तिथं बसले की हात पुन्हा जागा होईल, आणि नाही झाला तर सोडून देऊ एकदाचं. मॉडेल म्हणून आप्पांनाच बसवायचं ठरवलं. आदल्या दुपारी घरी पोचले, पण राजारामपुरीत जाऊन रंग, कॅनव्हास घेण्यात तो दिवस गेला. प्रात्यक्षिकात हात असा चालला की दीड तासात चित्र पुरं. टाळ्या, फोटो, शाल. कितीतरी वर्षांनी मी मनापासून खूश झाले.

घरी आल्यावर आईनं चित्र भिंतीला टेकवलं आणि डोळ्याला पदर लावला. "पयल्यासारखं काढलीस बघ त्येंचं त्वांड."

"पहिल्यासारखं म्हणजे?" मी विचारलं. आईनं आप्पांकडं बघितलं. आप्पाच बोलले, "उन्हाळ्यात तोंडावरनं वारं गेलतं. आता लई बरं हाय. तुला उगंच घोर नको म्हनून सांगितलं न्हाय."

मी त्यांच्याकडं बघितलं. ओठांची डावी बाजू खाली ओढलेली होती, डावा डोळा उजव्यापेक्षा बारीक. अख्ख्या हॉलला दिसलं असणार. माझ्या चित्रातलं तोंड मात्र सरळ होतं. सहा महिने व्हिडिओ कॉलवर ते बाजूला बसून नुसता आवाज देत होते, तेव्हा कळलं नाही ते एक वेळ ठीक. पण आज दीड तास ते माझ्यापासून चार हातांवर, भर उजेडात बसले होते.

"सुरवातीला बघितलंस तू," आप्पा म्हणाले. आवाजात राग नव्हता. "मग तुजा हातच चालला. मला वाटलं, आता बघंल, मग बघंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेन्सिल घेतली आणि त्यांना परत बसायला सांगितलं. ते नको म्हणाले. "आता बघशील की सुजे. पर चूक हुडकाय बघशील." मी खूप विनवलं. ते उठून मंडईला गेले, आणि दुपारी माझी गाडी होती.

त्यानंतर मी रंगांना हात लावलेला नाही. प्रेक्षक बनवते, त्यात आता जीव गुंतवत नाही. तुमच्यापैकी जे गावातच राहिलात, त्यांचा मला हेवा वाटतो. तुमची माणसं तुम्हाला रोज थोडी थोडी म्हातारी होताना दिसतात. जे माझ्यासारखे निघून आलात, त्यांना काय सांगू? तुमचंही असंच काहीतरी झालं असेल.

आईनं ते चित्र बाहेरच्या खोलीत लावलंय. येणारा-जाणारा वाखाणतो म्हणे. आप्पा अजूनही कॅमेऱ्यासमोर येत नाहीत. घर कुठं, असं कुणी विचारलं की मी मंगळवार पेठच सांगते. मला पाठ असलेले आप्पा तिथं भिंतीवर आहेत. त्या भिंतीखाली जे बसतात, ते आता कसे दिसतात, हे मला आईला फोन करून विचारावं लागतं.