पाण्यावर पास झालेलं गॅस्केट

सन १९९४. पोस्टिंग नगर, हुद्दा हवालदार, काम टँकची इंजिनं दुरुस्त करणं. वर्कशॉपचं नाव लिहीत नाही. तिथल्या प्रामाणिक माणसांना उगाच डाग नको. बाकीच्यांवरचा राग मात्र अजून तसाच आहे.

लोकांना वाटतं, रबर म्हणजे रबर. पाण्याच्या पाइपला चालणारं साधं रबर डिझेलमध्ये फुगतं, मऊ पडतं. डिझेलला नायट्राइल रबर लागतं. दोन्ही काळी, दिसायला सारखी. म्हणून माझे उस्ताद नव्या मालातला तुकडा कापून जॅमच्या बाटलीत, डिझेलमध्ये तीन दिवस बुडवून ठेवायचे आणि मग मापायचे. मीही तेच करायचो.

मंगळवारी फ्युएल फिल्टरची नवी गॅस्केटं आली, म्हणजे सांध्यातून डिझेल गळू नये म्हणून बसवायच्या रबरी चकत्या. पाकिटावर नायट्राइलचं नाव नाही, नुसतं 'इक्विव्हॅलंट'. मी मेजरसाहेबांकडे तीन दिवस मागितले. शुक्रवारी फायरिंग होतं, मोठे साहेब बघायला येणार होते. मेजरसाहेबांनी पाण्याचं प्रेशर देऊन टेस्ट घ्यायला सांगितलं. पाण्यावर गॅस्केट पास होणारच होतं, झालंही. पण आत जाणार होतं डिझेल. तसं मी तोंडावर बोललो.

"सही करो, हवालदार," मेजर म्हणाले.

मी 'फिट' लिहिलं आणि सही केली. एक तुकडा तेवढा बाटलीत टाकून ठेवला.

शुक्रवारी पहाटे ते गॅस्केट बसवलेला टँक न्यायला ड्रायव्हर आला, लान्स दफादार बबन साळवे, दुष्काळी मिरजगावचा. मी गोदावरीकाठच्या बागायती पुणतांब्याचा, त्यामुळे गोदाकाठचे लाडके म्हणून तो मला कायम चिडवायचा. त्या दिवशीही चिडवून गेला.

८.१० ला मी बाटली उघडली. तुकडा भिजवलेल्या हरभऱ्यासारखा फुगला होता. नखाने फाटला. मी धावत रेडिओ सेटवर गेलो. बबनच्या टँकचा कॉलसाइन टू-वन.

"टू-वन का इंजन बंद कराइए. फ्युएल लीक होगा. ओव्हर."

"वेट. आउट."

म्हणजे थांब आणि गप्प बस. मोठे साहेब दुर्बिणीतून बघत होते ना! मी आणखी दोनदा बोललो. उत्तर तेच. ८.२५ ला सेटवर आवाज आला, टू-वन पेटलाय.

गॅस्केट सुटून डिझेल गरम एक्झॉस्टवर पडलं होतं. बबन उडी मारून बाहेर पडला होता, गनर आत अडकला होता. बबन परत चढला आणि त्याने गनरला ओढून बाहेर काढलं. हे मला गनरनेच सांगितलं. तो वाचला. भाजलेला बबन दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात वारला.

चौकशीत मी ती बाटली आणि तो तुकडा टेबलावर ठेवला. उचलून न्यायला सांगितलं. अहवालात लिहिलं, 'ड्रायव्हरने निघण्यापूर्वी लीक तपासला नाही.' जीवही त्याचा गेला आणि चूकही त्याचीच ठरली.  

मिरजगावला गेलो. बबनचे वडील ओट्यावर बसले होते. अहवालातलं त्यांच्या कानावर गेलं होतं. मी सगळं सांगितलं, सहीसकट.

"मंग सही का केली, साहेब?"

नोकरीची भीती वाटली, हेच खरं होतं. तेच सांगितलं. ते उठले. मग आतून वही आणून त्यांनी माझ्यापुढे ठेवली.

"हे समदं लिवून द्या. त्याच्या आईला वाचून दावतो. गावात लोकं इचारत्यात."

लिहून दिलं, नाव-हुद्द्यासह. तेच वरही पाठवलं. उत्तर आलं नाही. म्हणून इथे पुन्हा लिहितो. त्या शुक्रवारी पहाटे ५.३० ला लान्स दफादार बबन साळवे याने माझ्यासमोर फडक्याने फिल्टर पुसला, बोट फिरवून पाहिलं. फिल्टर कोरडा होता. तरी त्याने मला विचारलं होतं, "बघू का अजून एकदा?" मी म्हणालो, "जा, फिट हाय."