न उघडलेलं दार

धाकटा भाऊ तेव्हा लडाखमध्ये, चीनच्या हद्दीवर होता. हद्द कसली डोंबलाची, तीच तर ठरलेली नाही! हे म्हणतात आमची, ते म्हणतात आमची. आमच्या सटाण्याकडे बांधावरून भांडण झालं की मोजणीदार येतो, खुणा रोवतो आणि भाऊबंद तोंडं फिरवून का होईना, आपापल्या घरी जातात. या दोन देशांना इतक्या वर्षांत एक मोजणीदार मिळू नये? मी टीव्हीसमोर बसून चिडायचे. चिडलं की भीती जरा कमी वाटायची.

त्या आठवड्यात तिकडे झटापट झाल्याच्या बातम्या सुरू होत्या आणि भावाचा नऊ दिवस फोन नव्हता. आईला मी ठोकून दिलं, "मी ऑफिसात असताना बोलला. बरा आहे."

रविवारी दुपारी आमच्या नाशिकरोडच्या घरापुढे रिक्षा थांबली. खिडकीतून पाहिलं तर लष्करी गणवेशातला एक जवान उतरत होता. असा माणूस दारात कशाला येतो, हे काय मला कुणी सांगायला हवं? मी धावत जाऊन कडी लावली आणि दाराला पाठ टेकून उभी राहिले. त्यानं बेल वाजवली. मग दार ठोठावलं. मी उघडलं नाही तर ते घडलेलंच नसेल, असलं काहीतरी खुळं डोक्यात होतं. आतून आईनं तिच्या अहिराणीत विचारलं, "कोन शे?"

"काहीतरी विकायला आलाय. झोप तू."

रिक्षा गेल्यावर बऱ्याच वेळानं दार उघडलं. उंबऱ्याशी सुक्या जर्दाळूंची पिशवी होती, आत भावाच्या अक्षरातली चिठ्ठी. "मित्र सुट्टीवर निघालाय, त्याच्याबरोबर पाठवतोय. आईला डोळ्यांनी बघून ये, असं त्याला सांगितलंय." मी पायरीवर बसून हुंदके देत रडले. त्या बिचाऱ्याला साधं पाणीसुद्धा विचारलं नाही, याची लाज नंतर वाटली.

चार दिवसांनी भावाचा फोन आला. मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, पोट धरून हसेल, वेडी म्हणेल. तो हसला नाही.

"ताई," तो म्हणाला, "पुन्हा कधी असं कुणी आलं ना, तर दार तूच उघड. आईला उघडायला लावू नकोस."